आजोबा प्रतिनिधी होते का? खानापूर तालुक्यातल्या एका फलकाचे प्रकरण

हे प्रकरण कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी गावातले आहे. गाव, वाचनालय आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत, आणि ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मी या प्रकरणात सल्ला देण्यापुरता होतो. निर्णय वाचनालयाच्या कमिटीने घेतले.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, ३९वे अधिवेशन बेळगावात भरले. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. टिळकवाडीत ज्या मैदानावर मंडप उभा राहिला त्याला ‘विजयनगर’ नाव दिले होते. पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर आजही आहे, आणि तिथून जाणाऱ्या रस्त्याला लोक काँग्रेस रोडच म्हणतात. सगळी जुळवाजुळव हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांची. आसपासच्या गावांनी गाड्या दिल्या, धान्य दिले, माणसे दिली. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी भागात असे जुने घर क्वचितच सापडेल, जिथे ‘आमचा आज्जा काँग्रेसला गेलेला’ ही गोष्ट सांगितली जात नाही.

२०२४ साली शताब्दी आली. सरकारी कार्यक्रम जाहीर झाले, टिळकवाडीत रंगरंगोटी सुरू झाली आणि गावोगावी आपापल्या आठवणी वर आल्या. या गावातल्या वाचनालयाने ठरवले की सभागृहाच्या भिंतीत एक काळ्या दगडाचा फलक बसवायचा आणि त्यावर ‘१९२४ च्या काँग्रेसचे आमच्या गावचे प्रतिनिधी’ अशी नावे कोरायची. अनावरण २७ डिसेंबरला.

तीन घरांतून नावे आली. एक नाव हर्डीकरांच्या सेवादलातल्या, म्हणजे काँग्रेसच्या स्वयंसेवक दलातल्या, स्वयंसेवकाचे होते. त्या घराने स्वतःच ‘स्वयंसेवक’ असे लिहून दिले होते, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. दुसरे नाव नुसते ऐकीव होते आणि घरच्यांनीच ते मागे घेतले. राहिले तिसरे.

ते नाव गावातल्या वाड्याचे. वाड्याचे नातू, ज्यांना गाव अण्णा म्हणते, सत्तरीच्या पुढचे, बेळगावात व्यवसाय करून स्थिरावलेले. फलकाचा सगळा खर्च त्यांनी आधीच देऊ केला होता, आणि दगड ठरवून इसारही दिला होता.

अडचण कुठे सुरू झाली

अण्णांनी पुरावा म्हणून तीन वस्तू आणून दिल्या. एक बिल्ला: खादीच्या पट्टीवर टाचलेले कापडी फूल, मधले अक्षर पुसलेले, मागची टाचणी गंजून कापडात रुतलेली. एक समूह छायाचित्र, ज्यात आजोबा मागच्या रांगेत फेटा बांधून उभे आहेत. आणि एक पावती. पावतीच्या मधल्या भागाला वाळवी लागलेली, रक्कम गेलेली. पण वरची छापील ओळ शाबूत होती आणि तीत ‘स्वागत कमिटी’ असे शब्द होते.

वाचनालयाचे सचिव निवृत्त शिक्षक आहेत. गाव त्यांना गुरुजी म्हणते. त्यांनी पावती दोनदा उलटीसुलटी केली आणि मला फोन लावला. त्यांचा प्रश्न एका वाक्याचा होता: स्वागत कमिटीचा मेंबर आणि प्रतिनिधी एकच का?

एकच नव्हे. अधिवेशनाच्या मंडपात निदान चार प्रकारची माणसे असत. निवडून आलेले प्रतिनिधी, ज्यांना ठरावावर हात वर करायचा हक्क असे, स्वागत कमिटीचे सभासद, जे यजमान भागातले आणि वर्गणी भरून कामाची जबाबदारी घेणारे, स्वयंसेवक, आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक. शंभर वर्षांनी घरात आठवण उरते ती ‘आज्जा मंडपात होता’ एवढीच. यात कुणी लबाडी करत नाही. मंडपात असणे हीच मोठी गोष्ट होती, मग कुठल्या दाराने आत गेला हे कोण विचारतो?

आपल्या भागात या विसरण्याला आणखी एक कारण आहे, असे मला वाटते. १९५६ नंतर इथला मराठी कार्यकर्ता बहुतांशी, हा सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या आसपास राहिला. काही जण समाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट अशा पक्षांच्या अधिवेशनांना जात राहिले हे खरे. पण समितीचा म्हणून जो महामेळावा होतो, काळा दिवस पाळला जातो, तिथे सगळेच येतात. कुणी कुणाचा निवडून दिलेला प्रतिनिधी नसतो. त्यामुळे गावातून एकाला निवडायचे, त्याला वर पाठवायचे, तिथे त्याने मत द्यायचे, ही साखळी दोन-तीन पिढ्यांच्या नजरेआड गेली. प्रतिनिधीपण हा नुसता मान होऊन बसला.

प्रतिनिधी होत कसा असे

गुरुजींना मी सांगितले की पुरावा कसला मागायचा हे सालावर अवलंबून आहे. पुढचा सगळा निर्णय त्यावरच उभा राहिला, म्हणून इथे जरा थांबतो.

१८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत पहिली सभा भरली तेव्हा ७२ जण होते. (ती पुण्यात व्हायची होती, पटकीच्या साथीमुळे मुंबईला हलवली.) त्यांना कुणी मते देऊन निवडले नव्हते. बोलावले गेले, किंवा आपापल्या गावच्या सभा-संस्थांच्या नावाने आले. पुढे गावोगावी जाहीर सभा भरवून ‘अमुक यांना पाठवावे’ असा ठराव करण्याची पद्धत पडली. १८८९ च्या मुंबई अधिवेशनात प्रतिनिधींची संख्या योगायोगाने त्या सालाइतकीच, १,८८९ होती. त्या काळच्या अहवालांतून नाव, धंदा, गाव आणि कोणी निवडले यांच्या याद्या छापलेल्या मिळतात. म्हणजे आजोबा १८९५ च्या पुण्याच्या सभेला गेले असे कोणी म्हणत असेल, तर आधी छापील अहवाल उघडायचा.

१९०७ ला सुरतेला मवाळ आणि जहाल यांच्यात फूट पडली, ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर मवाळांनी घटना केली आणि प्रतिनिधी निवडायचा हक्क मान्यताप्राप्त संस्थांपुरता ठेवला. टिळकांची माणसे बाहेर राहिली. १९१५ मध्ये मुंबईला दार थोडे उघडले आणि १९१६ ला लखनौला ती परत आत आली. मधल्या टप्प्यात, एप्रिल १९१६ मध्ये, टिळकांनी होमरूल लीग स्थापली ती बेळगावातच, प्रांतिक परिषदेच्या वेळी. तेव्हा या भागातले ‘राष्ट्रीय पक्षाचे’, म्हणजे टिळकांच्या बाजूचे, लोक त्या आठ-नऊ वर्षांत काँग्रेसचे प्रतिनिधी होते असे कोणी सांगू लागले तर कान टवकारायला हवेत.

खरा बदल १९२० च्या नागपूर घटनेने झाला. चार आणे भरून सभासद, गाव-तालुका-जिल्हा-प्रांत अशा कमिट्या, आणि ५० हजार लोकसंख्येमागे फार तर एक प्रतिनिधी. बेळगाव जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला हिशेबाने वीसच्या आत-बाहेर जागा आणि खानापूर तालुक्याच्या वाट्याला एखाद-दोन. गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा कमिटीतला एक जण हसून म्हणाला, ‘मग आमच्या एकट्या गल्लीतच चौघे कसे काय झाले, गुरुजी?’

आणखी एक आठवण अण्णांच्या घरात होती: आजोबा महिन्याला दोन हजार वार सूत कातून द्यायचे. ही खरी असणार, कारण आकडा अगदी बरोबर आहे. पण त्यातून जे सिद्ध होते ते वेगळेच. चार आण्यांऐवजी महिना दोन हजार वार सूत ही सभासदत्वाची अट बेळगाव अधिवेशनातच मंजूर झाली आणि सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला चार आण्यांचा पर्याय परत आला. म्हणजे हे सूत सभासदत्वाचे असेल, तर ते अधिवेशनानंतरचे. आजोबा १९२५ मध्ये काँग्रेसचे पक्के सभासद होते, एवढे त्यावरून कळते. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी हात वर केला की नाही, ते कळत नाही.

१९३४ मध्ये प्रतिनिधींची कमाल संख्या दोन हजारांवर आणली गेली. तेच लोक अध्यक्षही निवडत. १९३९ मध्ये सुभाषबाबू पट्टाभि सीतारामय्यांच्या पुढे दोनेकशे मतांनी गेले, ती मते अशा प्रतिनिधींची. ब्लॉकमागे एक या हिशेबाने प्रदेश प्रतिनिधी आजही असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते पडली ती त्यांचीच. प्रतिनिधी म्हटला की त्याच्या मागे पाठवणारे कोणीतरी असतात, आणि पाठवल्याची नोंद कुठेतरी व्हावी लागते. बिल्ल्यापेक्षा ती नोंद महत्त्वाची.

ठराववही

नोंद सापडली ती वाचनालयाच्याच कपाटात. जुन्या देवघेव रजिस्टरांच्या खाली एक लांबट वही होती, खाकी कापडाची पाठ, आत मोडी. गावात मोडी वाचणारा कोणी उरलेला नाही. बेळगावात जमिनीचे जुने कागद लावून देणारे एक गृहस्थ आहेत; गुरुजी वही पिशवीत घालून त्यांच्याकडे गेले. दोन पाने चिकटली होती, ती त्यांनी पातळ पट्टीने सोडवली. शाई तपकिरी झालेली, पण अक्षर एका सरावलेल्या हाताचे.

१९२४ च्या हिवाळ्यातली, देवळात भरलेल्या सभेची ती नोंद होती. सार असे: राष्ट्रीय सभेसाठी गावाने तांदूळ आणि बैलगाड्या द्याव्यात, त्याची व्यवस्था वाड्याच्या मालकांनी पाहावी आणि स्वागत कमिटीत गावातर्फे त्यांनी नाव घालावे. आणि प्रतिनिधी म्हणून तालुक्याला एक नाव कळवावे. ते नाव वाड्याचे नव्हते. गावातल्या एका शिंप्याचे होते, जो खादीचे गठ्ठे खांद्यावर टाकून बाजार करायचा. खाली सह्या, तीन अंगठे. सह्यांत पहिली सही वाड्याच्या मालकांची, म्हणजे अण्णांच्या आजोबांची.

शिंप्याचे घर गावात राहिलेले नाही. कुटुंब फार पूर्वी मुंबईला गिरणीत गेले. नव्वदीतल्या एका आज्जीला फक्त ‘काँग्रेसवाला शिंपी’ एवढे आठवत होते, आणि त्याची जागा आता कोणाच्या परड्यात आहे ते.

निर्णयाची पहिली जागा: नाव कसे लिहायचे

कमिटीपुढे चार वाटा होत्या.

पहिली, अण्णांचे म्हणणे जसेच्या तसे कोरायचे. खर्च त्यांचा, दगड त्यांचा, आणि शंभर वर्षांनी कोण बघायला येतो? ही वाट कमिटीतल्या निम्म्यांना मनातून पसंत होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरी, वाद नको म्हणून कोणाचेच नाव नको. नुसते ‘या गावाने १९२४ च्या अधिवेशनाला हातभार लावला’. सोपी वाट. पण मग वहीतला शिंपी दुसऱ्यांदा गडप झाला असता.

तिसरी, जेवढे कागदावर तेवढेच लिहायचे. यात एक मेख होती आणि ती मीच दाखवली. गावच्या सभेने नाव तालुक्याला कळवले, एवढेच वही सांगते. तालुक्याने, मग प्रांताने ते कायम केले का, आणि तो माणूस खरेच मंडपात बसला का, याचा दुसरा कागद हाती नव्हता. तेव्हा अण्णांच्या आजोबांना जो नियम लावायचा तोच शिंप्यालाही लावायला हवा. त्यालाही सरळ ‘प्रतिनिधी’ म्हणता येत नव्हते.

चौथी, अनावरण पुढे ढकलून दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयातले काँग्रेसचे कागद, पुण्यात ‘केसरी’चे जुने अंक आणि मुंबईचे पुराभिलेख पाहायचे. योग्य वाट, पण शताब्दी कोणासाठी थांबत नाही. कमिटीतल्या कोणालाही दिल्लीला जाऊन बसणे जमणारे नव्हते.

गुरुजींनी अण्णांना आधी एकटे भेटून वही दाखवायचे ठरवले. माझ्या मते सबंध प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. सभेत दाखवली असती तर अण्णांना मागे फिरायला जागाच उरली नसती. गुरुजींनी कुंद्याचा डबा समोर असताना, चहा झाल्यावर, वही उघडली आणि आधी आजोबांची सही दाखवली. मग वरचा मजकूर.

अण्णा बराच वेळ सहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘सही आज्जाचीच आहे. खरं, आमच्या घरात हे कोण मान्य करणार नाहीत. पुण्याचा भाऊ तर अजिबात नाही.’

गुरुजी म्हणाले, ‘अण्णा, गावातला सगळ्यात मोठा माणूस सभेत बसलाय, आणि तो शिंप्याचं नाव पुढं करून खाली सही करतोय. एकोणीसशे चोवीस साल. हे कोरायला काय कमी आहे?’

गुरुजींचे हे बोलणे मला पटते, पण पूर्ण नाही. वाड्याच्या मालकाने मोठ्या मनाने नाव सुचवले, की बैलगाड्या आणि तांदूळ सांभाळायचे असल्याने त्याला मंडपात बसायला सवडच नव्हती, हे वही सांगत नाही. दोन्ही शक्य आहे. कमिटीने तिसरी वाट घेतली, तशी की दोघांचीही नोंदच फक्त कोरायची, तिचा अर्थ लावायचा नाही.

दुसरी जागा: कुठल्या प्रांताचा?

इथे मात्र खरी ठिणगी पडली, आणि तिचा अण्णांशी काही संबंध नव्हता.

मसुद्यात मी ‘काँग्रेसच्या कर्नाटक प्रांतातर्फे’ असे शब्द घातले होते. १९२० मध्ये काँग्रेसने इंग्रजांचे इलाखे बाजूला ठेवून भाषेप्रमाणे स्वतःचे प्रांत केले आणि बेळगाव जिल्हा कर्नाटक प्रांतात धरला. सरकारी कारभाराने हा भाग मुंबई इलाख्यातच होता. बेळगावात तर आणखी गंमत: शहापूर सांगली संस्थानात, आणि रस्ता ओलांडला की इंग्रजी मुलूख. म्हणजे एकाच माणसाचे सरकार एक, काँग्रेसचा प्रांत दुसरा. खानापूरचा मराठी शिंपी प्रतिनिधी झाला असेल तर तो कर्नाटक प्रांताचाच झाला असणार, दुसरी सोय नव्हती.

कमिटीचे अध्यक्ष समितीचे जुने कार्यकर्ते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठी खाल्लेली. ते म्हणाले, ‘वाचनालयाच्या भिंतीवर आम्ही आमच्याच हातानं कर्नाटक कोरायचं? उद्या कोणीतरी फोटो काढेल आणि व्हाट्सअपवर टाकेल, बघा, मराठी गावच सांगतंय आम्ही शंभर वर्षं कर्नाटकात आहोत. सुप्रीम कोर्टात दावा चाललाय, माहीत आहे ना?’

भीती अगदीच निराधार नव्हती. याच शताब्दीच्या निमित्ताने नकाशे, कमानी, फलक यांवरून किती गदारोळ झाला ते सर्वांनी पाहिले. कमिटीतले दुसरे एक सदस्य आजच्या एका राष्ट्रीय पक्षात आहेत. त्यांचे म्हणणे उलटे, की प्रांताचे नाव गाळले तर मोठे पाहुणे आल्यावर तेच पहिल्यांदा विचारतील.

पर्याय म्हणून कोणी ‘बेळगाव जिल्ह्यातर्फे’ एवढेच सुचवले. त्याने भांडण मिटले असते. पण प्रांताशिवाय प्रतिनिधी होतच नसे, त्यामुळे ते अर्धवट ठरले असते, आणि कोणीतरी गाळले म्हणून पुन्हा बोट दाखवले असते. माझे मत होते की गाळण्यापेक्षा जास्त लिहा. गंगाधरराव टिळकांचे माणूस, मराठीत लिहिणारे-बोलणारे, आणि कर्नाटक प्रांतिक काँग्रेसचे पुढारी. त्या पिढीला यात अडचण दिसत नव्हती. काँग्रेसच्या प्रांतरचनेवरून जिल्ह्याची भाषा ठरत नाही. याच बेळगावात मे १९४६ मध्ये माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हेही तितकेच खरे आहे.

शेवटी दोन ओळी ठरल्या. एकीत काँग्रेसच्या संघटनेप्रमाणे कर्नाटक प्रांत, दुसरीत सरकारी कारभाराप्रमाणे मुंबई इलाखा, जिल्हा बेळगाव, तालुका खानापूर. अध्यक्षांनी एक अट घातली: दोन्ही ओळींचे अक्षर सारख्या मापाचे. गवंड्याने माप लावून दाखवले तेव्हा ते राजी झाले.

भाषेचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. दर्शनी फलकावर साठ टक्के कन्नड असा नियम २०२४ मध्ये राज्यात आला आहे. फलक दर्शनी भिंतीवरून आतल्या सभागृहात हलवला आणि मराठीखाली कन्नड मजकूरही घातला. गावात कन्नड शाळेच्या बाई आहेत, त्यांनी तो एका संध्याकाळी लिहून दिला.

प्रत्यक्षात काय झाले

२६ डिसेंबरच्या रात्री डॉ. मनमोहन सिंग गेले. राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, बेळगावातली २७ तारखेची मोठी सभा पुढे गेली, आणि या गावाचा मंडपही रात्रीतच सोडला. संक्रांतीनंतरच्या रविवारी, मोठ्या पाहुण्यांशिवाय, तिळगूळ वाटून अनावरण झाले. मोठे पाहुणे नसल्याने प्रांताच्या ओळीवर भाषणे झाली नाहीत, हा कमिटीचा फायदाच.

फलकावरचा मजकूर, नावे वगळून, असा आहे:

*राष्ट्रीय सभा, ३९वे अधिवेशन, बेळगाव, १९२४. या गावच्या सभेने प्रतिनिधी म्हणून श्री. … (शिंपी) यांचे नाव तालुक्यास कळविले. स्वागत कमिटीसाठी व धान्य-गाड्यांच्या व्यवस्थेसाठी श्री. … यांना नेमले. सेवादल स्वयंसेवक: श्री. …. आधार: वाचनालयाची ठराववही.*

त्याखाली प्रांताच्या दोन ओळी. वहीतल्या पानाचे मोठे छायाचित्र आणि त्याचे बाळबोध लिप्यंतर शेजारी काचेत लावले आहे.

अण्णा आले. खर्च त्यांनी पूर्ण दिला, पण देणगीदार म्हणून आपले नाव घालू नका असे सांगितले. पुण्याचे भाऊ आले नाहीत, आणि त्यांनी वाचनालयाला एक कडक पत्र पाठवले. त्यात एक मुद्दा रास्त आहे: स्वागत कमिटीच्या सभासदाला काही वेगळ्या मार्गाने प्रतिनिधीचा हक्क मिळाला असेल, ही शक्यता कोणी तपासली का? तपासली नव्हती. कमिटीने उत्तर दिले की कागद मिळाला तर दुसरा दगड वाचनालयाच्या खर्चाने बसवू. पत्र आणि उत्तर दोन्ही त्याच काचेत लावावे असे मी सुचवले. ते अजून मान्य झालेले नाही.

शिंप्याच्या कुटुंबाचा शोध लालबागपर्यंत गेला आणि तिथे थांबला. ज्या चाळीचा पत्ता मिळाला तिथे आता टॉवर आहे.

काय वेगळे करता आले असते

इसार आधी, शोध नंतर, हा क्रम चुकीचा होता. दगडाचे पैसे ज्याने दिले त्याच्याच आजोबांचे नाव तपासायचे, या पेचात कमिटीने स्वतःला घातले. अण्णांच्या जागी दुसरा कोणी असता तर गुरुजींची वही कपाटातच राहिली असती. असे काम काढताना पैसे गोळा करायचे ते फलकासाठी, कुठल्या नावासाठी नव्हे, आणि देणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगायचे.

दुसरे, घराघरांतून नावे मागवताना कमिटीने ‘प्रतिनिधींची नावे द्या’ असे पत्रक काढले. असे विचारल्यावर सगळेच प्रतिनिधी होणार. ‘आपल्या घरातून अधिवेशनाला कोण गेले, काय काम केले, घरात काय जपून ठेवले आहे’ असे विचारले असते तर गाड्या हाकणारे, भात शिजवणारे, पाणी भरणारेही आले असते. त्यांच्यापैकी फलकावर एकही नाही. बाईचे नाव तर एकही नाही, आणि तेवढा तांदूळ निवडला कोणी, हे वहीने लिहिलेले नाही.

तिसरे, प्रांताची ओळ शेवटच्या सभेपर्यंत ठेवायला नको होती. अध्यक्षांना ती पहिल्यांदा मसुद्यात दिसली, त्यामुळे त्यांना ती कोणाची तरी चाल वाटली. आधी महिनाभर जुना नकाशा भिंतीवर टांगला असता तर निम्मे भांडण नकाशाशी झाले असते.

अनावरणानंतर शेजारच्या गावातून एक दावा आला आहे: पणजोबा डिसेंबर १९३६ ला फैजपूरला नेहरूंच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेले होते. आता गुरुजींनी एक छापील अर्ज केला आहे. पहिला रकाना ‘कोणत्या साली’, दुसरा ‘कोणी निवडले’, तिसरा ‘कागद कोणता’. दावेदाराने पहिला भरून दिला आहे. बाकीच्या दोन रकान्यांसाठी तो तालुक्याला जुने दप्तर बघायला गेला आहे, आणि गुरुजींनी त्याला मोडीवाल्या गृहस्थांचा पत्ता देऊन ठेवला आहे.